कशाच्या तुलनेत? काजू युनिट, विंचवाचा दंश आणि आपल्याकडचं संशोधन

खाडीकाठची | ४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण नीट लिहायचं म्हणून आज वेळ काढून बसले आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवते आणि सोबत पीएचडी करते. विषय आहे महिला बचतगटांच्या काजू प्रक्रिया युनिटांमधलं कामाचं नियोजन. बी वाळवणं, वाफवणं, फोडणं, ड्रायर, साल काढणं, प्रतवारी. या साखळीत वेळ कुठे जातो, गर कुठे फुटतो, माल कुठे पडून राहतो. गेल्या वर्षी प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरले, बायकांच्या शेजारी बसून ती भरून घेतली. 'प्रशिक्षणामुळे काम सुधारलं' या वाक्यापुढे जवळजवळ सगळ्यांनी 'सहमत' किंवा 'पूर्ण सहमत'वर खूण केली. तक्ते झाले, प्रकरणही लिहून झालं.

शिमग्याला भाची आली. ती एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रबंध सर्पदंशावर. पालखी पुढच्या वाडीत गेल्यावर आम्ही पडवीत बसलो होतो. तिने माझं प्रकरण वाचलं आणि एकच विचारलं, "मावशी, सुधारलं ते कशाच्या तुलनेत?"

मला उत्तर देता आलं नाही. प्रशिक्षण न मिळालेलं एकही युनिट मी पाहिलं नव्हतं. प्रशिक्षणाआधीची वजनं माझ्याकडे नव्हती. शिवाय ज्या संस्थेने प्रशिक्षण दिलं तिच्याच गाडीतून मी त्या बायकांच्या दारात उतरले होते. त्या मला 'नाही' कशा म्हणणार?

त्यानंतर महिनाभर वाचत बसले. माझी समजूत होती की असली तुलना मोठ्या शहरांत, मोठ्या पैशांतच होते. पण दोन चांगले अभ्यास आपल्या कोकणपट्टीतच सापडले, एक वैद्यकाचा आणि एक व्यवस्थापनाचा.

पहिला महाडचा. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेली चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. ७० रुग्ण, यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ३५-३५चे दोन गट. एका गटाला फक्त प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांनी प्रतिविष मिळालेल्या गटातले ३२ जण पूर्ण सावरले होते, फक्त प्राझोसिनच्या गटातले ८. एवढ्या छोट्या आकड्यांत केवढा स्पष्ट निकाल!

दुसरा तारापूरचा. तारापूर आणि त्याच्या उत्तरेला गुजरातच्या हद्दीतलं उंबरगाव, इथल्या कापड गिरण्यांत २००८ पासून अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने प्रयोग केला. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा हा लेख २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ६६ कंपन्यांना विचारलं, १७ तयार झाल्या. त्यांतल्या ११ कंपन्यांना पाच महिने सल्लागार मिळाले: एक महिना पाहणी, चार महिने प्रत्यक्ष सुधारणा. उरलेल्या ६ कंपन्यांना फक्त पाहणीचा महिना मिळाला. सल्ला तरी काय, तर सुताचा साठा नोंदवा, यंत्र बंद पडण्याआधी देखभाल करा, दोष कुठल्या मागावर येतो ते रोज लिहा, जमीन साफ ठेवा. अशा ३८ पद्धती. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. पाहणीचा महिना त्यांनी दोन्ही गटांना दिला. कोणी बाहेरचा येऊन बघतोय म्हटल्यावर माणूस चांगलंच काम करतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांचं नाव त्या परिणामाला पडलं आहे आणि मी ते दर वर्षी वर्गात शिकवते. स्वतःच्या अभ्यासात मात्र विसरले.

आता प्रश्न. माझ्या हातात एक हंगाम आहे आणि तयार असलेली बारा युनिटं. पैसे जवळजवळ नाहीत. यातून प्रामाणिक तुलना उभी करता येईल का? डॉक्टर मंडळी, संख्याशास्त्रवाले आणि मुख्य म्हणजे काजूवाले, कृपया लिहा.


कातळावरचा | ५ एप्रिल, सकाळी ६.५५

ताई, मी सिंधुदुर्गात ग्रामीण भागात फिजिशियन आहे. रात्रपाळी संपवून लिहितोय.

महाडचं उदाहरण तुम्ही दिलंत याचा फार आनंद झाला, पण त्याची सुरुवात २०११ च्या बरीच आधीची आहे आणि तुमच्या कामाला खरा उपयोग त्या सुरुवातीचा आहे. डॉ. बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. गवताची उडवी, लाकडाचा ढीग, जांभ्याचे चिरे, तिथे विंचू. दंश झालेली मुलं आणि तरुण माणसं घामाने भिजून, हातपाय गार पडून, फेस येऊन जात होती. पुस्तकांत यावर फार काही नव्हतं. त्यांनी रुग्णाजवळ बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास, घाम लिहून ठेवला. कोणाचं पुढे बिघडणार हे आधी सांगणारी लक्षणं त्या नोंदींतून निघाली आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. प्राझोसिनचा लेख १९८६ चा.

औषध निवडण्यामागे कारण होतं. विषामुळे नसांच्या टोकांवरचे सोडियमचे मार्ग उघडे राहतात, ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध. ते नेमका आवळणाऱ्या वाहिन्यांवरचा अल्फा ग्राहक (रिसेप्टर) अडवतं. तेव्हा चिठ्ठ्या टाकून गट केले नव्हते. तीव्र दंशाच्या शंभर रुग्णांमागे पंचवीस-तीस दगावत होते, ते प्रमाण अगदी थोड्यांवर आलं. फरक एवढा प्रचंड असेल तर आधीच्या नोंदीही तुलनेला पुरतात. पण त्या नोंदी होत्या म्हणून! नंतर प्रश्न बारीक झाला: प्राझोसिनने माणूस बहुतेक वाचतोच, मग प्रतिविष दिल्याने लवकर बरा होतो का? तिथे चिठ्ठ्या लागल्या. तरीही ती चाचणी उघडी होती, कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ही मर्यादा लेखाच्या शीर्षकातच सांगितली आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं: महिनाभर काहीही न बदलता फक्त मोजा.

दुसरं सांगणं 'आधी-नंतर'बद्दल, कारण त्यात आमचेही हात पोळलेत. शस्त्रक्रियेआधी वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची यादी तुम्हाला माहीत असेल: रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, प्रतिजैविक दिलं ना. खरं तर ती व्यवस्थापनाचीच गोष्ट. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास आला, दिल्लीही त्यात होती. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. जगभर ती यादी भिंतींवर लागली. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती सक्तीची झाल्यावर मोजलं, तर ०.७१ वरून ०.६५. हा फरक योगायोगापलीकडचा म्हणता येईना. २०१४ चा लेख आहे. यादी वाईट म्हणून असं झालं असं मी मानत नाही. भिंतीवर लावणं वेगळं आणि चौघांनी थांबून एकमेकांना मोठ्याने विचारणं वेगळं. पण पहिल्याच अभ्यासात बाजूला तुलनेचा गट असता तर आपण इतके निश्चिंत झालो नसतो.

उत्तर प्रदेशात तर गट होते. १२० प्रसूती केंद्रं, अर्ध्या ठिकाणी सुरक्षित प्रसूतीची यादी आणि ती वापरायला शिकवणारी माणसं. दोन महिन्यांनी आवश्यक कृती ७३ टक्के होत होत्या, दुसऱ्या गटात ४२. शिकवणारी माणसं गेल्यावर, बाराव्या महिन्यात, तो ७३ चा आकडा ६२ वर उतरला. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत मिळून १५.१ विरुद्ध १५.३ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. २०१७ मध्ये हे छापून आलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. काम 'नीट होणं' आणि त्यातून माणूस वाचणं यांच्यामध्ये रक्त, औषध, गाडी, तज्ज्ञ असं बरंच काही असतं.

तुमच्याकडेही तेच. नोंदवही भरली गेली हा निकाल नव्हे. अख्खा गर किती निघाला, तो निकाल.


रातांबा | ५ एप्रिल, दुपारी २.१०

माझा धाकटा युनिट आसा, बारा बायल्यो कामाक. ताई, तुमी खरां लिवलात म्हणान लिवतंय. आतापर्यंत तीन वेळा कॉलेजातली पोरां इली. 'तुमका काय अडचणी आसत', 'कर्ज मिळता काय', 'समाधानी आसात काय'. कागदार सही घेतल्यानी, फोटो काढल्यानी, आणि मगे परत कोण इलोच नाय. त्येंच्या पुस्तकात आमचा काय छापला ता आमका अजून ठावक नाय.

माका जो प्रश्न आसा तो कोणी इचारूक नाय. पावसात फोडलेल्या बियेत तुकडो जास्त का पडता? बी तीच, बायल्यो त्योच. वाफ कमी पडता की रातभर थंड करूक ठेवतो ता कमी पडता? ह्या कोणी शोधून दिल्यान तर माझा पुस्तक उघडा आसा. अख्ख्या गराचो आणि तुकड्याचो दर सारखो नाय, ह्या तुमका सांगूक नको.


खाडीकाठची | ५ एप्रिल, रात्री ८.२०

रातांबा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. त्या तीन वेळच्या मुलांना पाठवणाऱ्या वर्गांत माझ्यासारख्याच शिक्षिका असतात. मीही विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत 'हापूसच्या विपणनातील समस्या' असे विषय देऊन पाठवलं आहे. जे भेटतील, जे बोलतील त्यांची शंभर उत्तरं, आणि शेवटी शिफारस की शासनाने शीतगृह बांधावं. दर वर्षी तीच. ज्यांची बाग बुडाली ते भेटतच नाहीत, कारण ते मुंबईला गेलेले असतात.

तुमचा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या प्रश्नापेक्षा चांगला आहे हे मी मनापासून लिहिते. तो मी घेऊ का?


पागोळी | ५ एप्रिल, रात्री ११.०५

संख्याशास्त्राकडून.

सगळ्यात मोठा धोका आधी. बारा युनिटं, प्रत्येकी पंधरा बायका, म्हणून तुमच्याकडे १८० निरीक्षणं आहेत असं धरू नका. एका युनिटात एकच बॉयलर, एकच ड्रायर, एकच देखरेख करणारी बाई. ड्रायर बिघडला तर पंधराही जणींचा आकडा एकत्र पडतो. तुमच्याकडे बारा आहेत, फार तर बारापेक्षा थोडे जास्त. व्यवस्थापनाच्या कित्येक प्रबंधांत हीच चूक असते आणि मग सगळंच 'लक्षणीय' (योगायोगापलीकडचं) ठरतं.

बारा कमी आहेत, पण प्रत्येक युनिट अनेक आठवडे मोजता येतं, तिथे तुम्ही ताकद मिळवू शकता. असं करा. पहिले चार आठवडे सगळीकडे फक्त वजनं. मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. पहिल्या तीन युनिटांत बदल सुरू, तीन आठवड्यांनी पुढची तीन, असं करत शेवटी सगळ्यांना मिळतो. जी थांबली आहेत ती त्या काळात तुलनेचा गट. कोणी वंचित राहत नाही, त्यामुळे बायकाही नाराज होणार नाहीत. तुम्ही एकट्या एका वेळी तीनच युनिटांत शिकवू शकणार, म्हणजे कोणाला तरी थांबावं लागणारच. चिठ्ठी हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग. १९४८ ची स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी अशाच टंचाईत झाली. ब्रिटनमध्ये औषध सगळ्यांना पुरणार नव्हतं, म्हणून १०७ क्षयरुग्णांचे गट बंद पाकिटांतून ठरवले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ गेले, दुसऱ्या ५२ पैकी १४. आपल्याकडे भिशीची चिठ्ठी सगळ्यांसमोर एखादं लहान मूल उचलतं, त्यावर कोणी शंका घेत नाही. तसंच करा, सगळ्यांच्या देखत.

मोजायचं काय ते रातांबांनी सांगितलंच आहे. ठरावीक वजनाच्या वाळलेल्या बीमागे अख्खा गर किती, तुकडा किती. पण बी एकसारखी हवी. वेंगुर्ला-७ ची बी मोठी, वेंगुर्ला-४ ची त्याहून लहान, गावठी आणखी वेगळी. युनिटागणिक जात बदलली तर तुम्ही नियोजन मोजत नसून कलम मोजत असाल. शक्य असेल तर एकाच ढिगातली बी सगळ्यांना वाटा.

वजन करणाऱ्याला युनिट कळू नये. पिशवीवर फक्त क्रमांक, यादी दुसऱ्याकडे. डॉक्टरांच्या भाषेत हे 'अंध' मोजमाप, फुकटात होतं.

आणि सुरू करण्याआधी मुख्य निकाल कोणता ते लिहून, तारीख घालून, कुठेतरी जाहीर ठेवा. औषधांच्या चाचण्यांसाठी भारतात २००७ पासून नोंदणी केंद्र आहे आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. अर्थशास्त्रातल्या अशा प्रयोगांसाठी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नोंदवही २०१३ पासून आहे, तिथे कोणीही नोंदवू शकतं. निकाल पाहून मग प्रश्न बदलण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झालेला आहे.


सुरंगीचा वळेसर | ६ एप्रिल, सकाळी १०.३०

मी एमबीए करून नुकतीच पीएचडीला नोंदणी केली आहे. इथे सगळं वाचून धीर आला आणि भीतीही वाटली. मार्गदर्शकांना मी तुलनेच्या गटाबद्दल विचारलं तर म्हणाले, "तो डॉक्टरांचा प्रांत, आपण प्रश्नावली करायची." आमच्या संस्थेत नैतिक समितीच नाही. बायकांकडून घ्यायचं संमतीपत्रक इंग्रजीत आहे. त्यांनी सही केली, मी ठेवून घेतलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शिवाय लेख छापा म्हणून घाई आहे. पैसे भरले की आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचे मेल रोज येतात. काय करावं?


कातळावरचा | ६ एप्रिल, रात्री ९.१५

संमतीपत्रक मराठीत पुन्हा लिहा आणि त्या बायकांकडे परत जा. वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती आणि कधीही बाहेर पडण्याचा हक्क, हे त्यांत आहेच. व्यवस्थापनात सुई टोचत नाही म्हणून इजा होत नाही असं कुठे आहे? मालकाला कळलं की कोणी तक्रार लिहिली, तर तिची रोजी जाते. तुम्हाला झोप लागली नाही ही चांगली खूण आहे, ती जपा.

आठ दिवसांत छापणाऱ्यांना पैसे देऊ नका. आमच्या क्षेत्रातही प्रबंधाच्या घाईत मुलं तिथे जातात आणि चांगली नोंद कायमची वाया जाते.

मार्गदर्शकांचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाही. प्रत्येक प्रश्नाला चिठ्ठ्या लागत नाहीत. फुरसं चावल्यावर माणूस आधी कुठे जातो, मांत्रिकाकडे की आमच्याकडे, आणि का, हे बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. ताईंच्या भाचीला मी तेच सांगेन. वीस मिनिटं काचेच्या नळीत रक्त ठेवून गोठतं का बघायची चाचणी आहे, ती बिनचूक लिहा. पण दंशाची वेळ विचारताना घरच्या बाईला विचारा. "दिवेलागण झाली होती का, गुरं आत घेतली होती का?" तिला घड्याळ आठवत नाही, गुरं आठवतात. प्रतिविष मिळायला किती उशीर झाला याचा अर्धा अभ्यास त्या एका उत्तरावर उभा राहतो. आणि उशीर का झाला, गाडी कुठे होती, कुपी कुठल्या केंद्रात होत्या, हे ताईंच्या विषयातलं आहे. दोघी मावशी-भाचींनी एकत्र लेख लिहिला तर मी पहिला वाचक.


खाडीकाठची | ७ एप्रिल, रात्री १०.००

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. ठरलं ते सांगते.

जुनं प्रकरण काढून टाकलं नाही, पण त्याचं शीर्षक बदललं. 'प्रशिक्षणाचा परिणाम' ऐवजी 'प्रशिक्षणाबद्दल कामगार महिलांचं मत'. तेवढंच ते आहे. मार्गदर्शक बाईंना काल भेटले. त्या आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, एक वर्ष जास्त लागेल, चालेल का. चालेल.

प्रश्न रातांबांचा. पावसाळ्यात वाफवल्यानंतर बी किती तास पसरून थंड ठेवायची याचा एक ठरलेला नियम आणि रोजची दोन ओळींची नोंद, एवढाच बदल. मोठं प्रशिक्षण नाही. तारापूरच्या त्या गिरण्यांत आठ-नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. व्यवस्थापक बदलला, मालकाला वेळ नाही, ही मुख्य कारणं. तरीही सल्ला न मिळालेल्या कंपन्यांपेक्षा त्या पुढेच होत्या. आमच्या युनिटांत तर देखरेख करणारी बाई लग्न होऊन गेली की वही तिच्याबरोबर जाते. म्हणून इतकी छोटी गोष्ट निवडली की जी दुसरीला पाच मिनिटांत सांगता येईल. पुढच्या पावसात पुन्हा जाऊन बघायचं हेही आताच लिहून ठेवलंय.

एकाच ढिगातली बी देण्याची जबाबदारी एका बागायतदार मामांनी घेतली. पिशव्यांवर क्रमांक भाची टाकणार आहे. संमतीपत्रक मराठीत केलं, आणि जिथे मालवणीत सांगावं लागेल तिथे सांगणार. चिठ्ठ्या अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी आमच्या पडवीत, सगळ्या युनिटांच्या बायकांसमोर. निकाल कसाही आला, अगदी काहीच फरक दिसला नाही तरी, आधी बाराही युनिटांत जाऊन सांगेन आणि मग इथे लिहीन.

रातांबा, तुमचं युनिट तेरावं. क्रमाच्या हिशेबात बसत नाही असं पागोळी म्हणतात. पण आधीचे चार आठवडे वजनं कशी घ्यायची हे मला तुमच्याकडेच शिकायचं आहे. आलं तर चालेल का?


रातांबा | ८ एप्रिल, सकाळी ७.३०

येवा. सकाळी सातच्या आत येवा, बॉयलर तेवाच पेटता. वजनकाटो तपासून ठेवतंय.